बत्तीस बोअरची तक्रार

“‘महोदय’ झालं? आता विषय लिही. आपल्या कंपनीच्या बत्तीस बोअर रिव्हॉल्व्हरच्या निकृष्ट दर्जाबाबत,” अप्पा म्हणाले.

“‘निकृष्ट’ मागच्या वेळी लिहिलं होतं,” मी म्हटलं.

“मग दुसरं काहीतरी घाल. प्राध्यापक तू.”

“सुमार?”

“सुमार नको. सुमार म्हणजे निदान चालतं तरी.”

रविवारची सकाळ होती. दुकानात अप्पा, मी आणि संपतकाका घोरपडे. दुकान म्हणजे ‘शेडगे पंप अँड मोटर्स’. नव्या मोटारी पुढे रचलेल्या, जळक्या मागे, आणि मधल्या टेबलावर माझा लॅपटॉप. मी मिरजेला कॉलेजात मराठी शिकवत होते आणि दर रविवारी तालुक्याच्या या गावी येत होते. आई गेल्यापासून घरात अप्पा एकटेच. मी एकुलती एक. रविवारी आम्ही दोघं काय बोलणार? म्हणून अधूनमधून पत्र लिहायचो. हे एकेचाळिसावं.

संपतकाका अप्पांचे बालवाडीपासूनचे मित्र, हायवेवरच्या पेट्रोल पंपाचे मालक. त्यांच्याही कमरेला रिव्हॉल्व्हर असायचं. आजोबांकडून आलेलं, विलायती. ते खुर्चीत बसले की आधी पट्टा सरकवून रिव्हॉल्व्हर पोटावरून बाजूला घ्यायचे, मग पोट मोकळं सोडायचे आणि मग बोलायला लागायचे.

“ज्ञानू, लका किती वर्षं लिहिणार? सात वर्षं झाली. एवढ्या पत्रांत कंपनीचा एखादा साहेब विरघळला असता आणि बायको म्हणून नांदायला आला असता.”

“तू गप बस. तुझं कधी वाजलंय?”

“माझं वाजायची गरजच नाही. लोखंड बघ की. हे बघून समोरचा पळतो. तुझं बघून हसतो.”

“समोरचा कोण? तुझ्या पंपावर दोनदा चोरी झाली. दोन्ही वेळा तू हे कपाटात ठेवून जेवायला गेला होतास.”

“असं हत्यार घेऊन जेवत नसतात, ज्ञानू. संस्कार असतात.”

आमच्या तालुक्यात परवानाधारक अकरा होते आणि सगळे शस्त्रांचे जाणकार. कुठल्या नळीचं पोलाद कसलं, कुठल्या चापाला किती जोर लागतो, स्वस्त रिव्हॉल्व्हरची चक्री किती वर्षांत सैल होते, यावर ते चहाच्या गाड्यावर तास तास बोलत. अकरांपैकी एकानेही परवाना मिळाल्यापासून एक गोळी झाडलेली नव्हती. त्यामुळे मतभेद मिटायला काही साधनच नव्हतं. निवडणूक आली, आचारसंहिता लागली, की सगळ्यांना आपापलं हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागे. त्या दिवशी ठाण्याच्या व्हरांड्यात इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतली अकरा माणसं रुमालात गुंडाळलेली हत्यारं घेऊन बाकावर बसत आणि एकमेकांची हत्यारं हातात तोलून नाकं मुरडत. वधूपरीक्षाच ती, फक्त पोहे नसत.

अप्पांनी आपलं घेतलं तेव्हा आई होती. निमित्त गोदामाच्या संरक्षणाचं. खरं कारण संपतकाकांच्या कमरेला होतं. विलायती परवडणारं नव्हतं, म्हणून उत्तरेतल्या एका खासगी कंपनीचं घेतलं. पण अप्पा ते कमीपणाने सांगत नसत. “किंमत कमी म्हणजे माल हलका, असं समजणारी माणसं मूर्ख,” असं ते म्हणत. पंपाच्या धंद्यात त्यांचं नाव याच एका गोष्टीवर होतं. चार कंपन्यांच्या मोटारी पुढे ठेवल्या तर त्यातली स्वस्त आणि पंधरा वर्षं चालेल अशी ते बोट ठेवून दाखवत. बेअरिंग कानाशी फिरवून ते किती महिन्यांचा सोबती आहे ते सांगत. शेडग्यांकडचा माल परत येत नाही, हे गावात सगळे म्हणत. त्या माणसाने आयुष्यात एकदाच फसवं काहीतरी घेतलं, ते हे. निदान गावाने तसं ठरवलं.

गावात प्रसिद्ध असलेली कथा अशी. आई गेल्याला तीन महिने झाले होते. अप्पा शेतावर गेले. उसात रानडुक्कर शिरलं होतं. त्याला हुसकावायला म्हणून अप्पांनी हवेत रिव्हॉल्व्हर झाडलं. खट्. पुन्हा चाप ओढला. खट्. डुकराने वळून बघितलं आणि सावकाश ऊस खात राहिलं. हा शेवटचा तपशील संपतकाकांचा. दर वेळी ते डुक्कर अधिकाधिक निवांत होत गेलं. शेवटी शेवटी ते अप्पांना “चालू द्या” असंही म्हणायचं.

तिथून पत्रव्यवहार सुरू झाला. कंपनीचं पुण्यात कार्यालय होतं. त्यांचं पहिलं उत्तर फार नम्र होतं. हत्यार दुरुस्तीसाठी कारखान्यात पाठवावं. कारखाना दुसऱ्या राज्यात आणि अप्पांचा परवाना फक्त महाराष्ट्रापुरता. म्हणजे बिघडलेलं हत्यार दुरुस्त करायला सरहद्दीपलीकडे नेलं तर अप्पांवर गुन्हा, आणि नेलं नाही तर कंपनीवर जबाबदारी नाही. तसं आम्ही कळवलं. मग कंपनीने फोटो मागवले. मी सहा फोटो काढून पाठवले. उत्तर आलं :

‘छायाचित्र क्रमांक तीनमध्ये नळीच्या तोंडाशी व चक्रीच्या खाचांत लाल व पिवळा पदार्थ दिसत आहे. कृपया खुलासा करावा.’

“हळदकुंकू आहे म्हणून लिही,” अप्पा म्हणाले.

दर खंडेनवमीला आमच्याकडे पाटावर पाना, पक्कड, मोठा हातोडा, कानशी आणि त्यांच्या मधोमध रिव्हॉल्व्हर मांडून पूजा व्हायची. आई असताना ती नळीला फक्त बोट टेकवायची. ती गेल्यावर अप्पा भक्तिभावाने चिमूट सोडायचे आणि वर गंज चढू नये म्हणून खोबरेल तेल लावायचे. थंडीत ते गोठायचं. कंपनीने कळवलं की यंत्रणेत धार्मिक पदार्थ गेल्याने हमी रद्द झाली आहे.

अप्पा भडकले. “भारतात हत्यार विकता आणि दसरा माहीत नाही? शस्त्राची पूजा करायची नाही तर काय फ्रीजची करायची? लिही!”

मी लिहिलं. फ्रीज तेवढा गाळला.

संपतकाकांनी त्या वेळी तोडगा काढला होता. त्यांच्या ओळखीचा कोल्हापूरचा एक कारागीर होता, जुन्या बंदुका दुरुस्त करणारा, सरकारमान्य. “तासात खोलून दाखवतो तो, काय बिघडलंय ते.”

“खोलायचं नाही,” अप्पा म्हणाले.

“का?”

“हमी जाईल.”

“हमी कुंकवानं गेलीय की, लका!”

“तरी खोलायचं नाही.”

ठाण्यातही तेच. तिथे शस्त्रं जमा करून घेणारे हवालदार तांबोळी रजिस्टरमध्ये ‘शस्त्राची स्थिती’ या रकान्यात सगळ्यांचं ‘चालू’ लिहीत. एका निवडणुकीला अप्पा अडून बसले. “माझं नादुरुस्त लिहा. खोटं कशाला?” तांबोळी म्हणाले, “लिहितो की. मग आमचा आर्मोरर, हत्यारं तपासणारा, उघडून बघंल, तसा अहवाल लागतोय.” अप्पांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “राहू दे. चालू लिहा.” व्हरांड्यातल्या उरलेल्या दहाजणांना हसायला तेवढं पुरलं.

तर त्या रविवारी मी ‘दर्जाबाबत’पर्यंत टाइप केलं आणि थांबले. अप्पांच्या हातात मोटारीच्या गुंडाळीची तार होती, ती बोटाला गुंडाळत आणि सोडत होते.

“विषय खोड,” ते म्हणाले. “साधं लिही. ‘आपल्या रिव्हॉल्व्हरने त्या दिवशी काम केले नाही, याबद्दल आमची आता काही तक्रार नाही.’”

संपतकाका खुर्चीत पुढे झाले. “म्हणजे? सात वर्षं भांडलास आणि आता माघार?”

“माघार नाही. तक्रार नाही, एवढंच.”

“मग पाठवतोस कशाला?”

“कळवायला नको? माणूस वाट बघत असतो.”

“कुठला माणूस? पुण्याच्या हापिसात तुझी वाट कोण बघतंय, ज्ञानू?”

अप्पा हसले. मला म्हणाले, “वाच बघू.”

मी वाचलं.

“परत वाच.”

मी परत वाचलं. मला वाटलं, थकले. अडुसष्ट पूर्ण झाली होती. ‘काम केले नाही’ऐवजी ‘कार्य केले नाही’ बरं दिसेल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, “काम.” मग आम्ही तिघांनी मिसळ मागवली. संपतकाकांनी दोन खाल्ल्या आणि तिसऱ्या पावासाठी अप्पांशी भांडले. संध्याकाळच्या एसटीने मी मिरजेला गेले.

सोमवारी सकाळी साडेनऊला अप्पांनी दुकान उघडलं. एका शेतकऱ्याची पाणबुडी मोटार टेबलावर घेतली, झाकण काढलं आणि त्याला म्हणाले, “वाइंडिंग ठीक आहे, नुसता कंडेन्सर गेलाय.” तेच त्यांचं शेवटचं वाक्य. हृदय बंद पडलं. तो शेतकरी दहाव्याला आला होता. हात जोडून म्हणाला, “ताई, कंडेन्सरच गेला होता.”

तेरावा झाल्यावर संपतकाका म्हणाले, “शैला, एक काम लवकर उरकून टाकूया. मालक गेला की त्याचं हत्यार घरात ठेवता येत नाही. ठाण्यात जमा करावं लागतं. मी येतो बरोबर.”

सकाळी अकराच्या सुमाराला आम्ही गेलो. व्हरांड्यात कुणी नव्हतं. मी रिव्हॉल्व्हर अप्पांच्याच रुमालात गुंडाळून नेलं होतं. तांबोळींनी उठून खुर्ची दिली. दोन्ही हातांनी ते घेतलं आणि टेबलावर ठेवलं.

“शेडगेअप्पांसारखा माणूस नाही,” ते म्हणाले. “दर इलेक्शनला पहिला नंबर. बसा ताई. चहा सांगू?”

“नको.”

“एक फॉर्म आहे. वारसानं सही करायची, आणि एक पंच लागतो.”

“मी आहे की,” संपतकाका म्हणाले.

तांबोळींनी नाव, पत्ता, परवाना क्रमांक भरला. ‘शस्त्राची स्थिती’ला आले आणि पेन थांबवलं. “आता मालक नाहीत, तेव्हा तपासणी करूनच घ्यावं लागतं. नुसतं चालू लिहून भागत नाही.”

त्यांनी आतून आर्मोररला बोलवायला निरोप पाठवला, पण तो साहेबांबरोबर सांगलीला गेला होता. मग ते स्वतःच म्हणाले, “मलाही येतंय थोडंफार.” चष्मा कपाळावर घेतला. चक्री उघडली, रिकामी आहे का बघितलं, फुंकर मारली. टेबलावर कुंकू उडालं.

“अरेच्चा, हे काय?”

“ज्ञानूची भक्ती,” संपतकाका म्हणाले.

तांबोळींनी अंगठ्याने घोडा मागे ओढला. घोडा म्हणजे चाप ओढल्यावर जो पुढे आपटतो तो भाग. त्याच्या टोकाला चोचीसारखी बारीक सुई असते. ती काडतुसावर आदळली की बार उडतो. तांबोळी घोडा ओढलेला ठेवून रिव्हॉल्व्हर उजेडाला धरून बघत राहिले. मग चष्मा खाली घेऊन पुन्हा बघितलं.

“सुईच नाही की ओ.”

“तुटली?” संपतकाकांनी विचारलं. “मी सांगत होतो. हलकं लोखंड.”

“तुटली नाही. घासलीय. हे बघा, कानशीचे ओरखडे. सपाट केलीय पार. अहो, आंधळ्यानं बोट फिरवलं तरी समजंल.”

“कंपनीतनंच तशी आली असणार.”

“कंपनी कशाला घासंल? आणि शेडगेअप्पांना कळलं नाही? त्यांनी तर बेअरिंगच्या आवाजावरनं माझ्या पंपाचं वर्ष सांगितलं होतं.”

मी टेबलाच्या कडेकडे बघत होते.

आई गेल्यावर तिसऱ्या महिन्यात मी रजा काढून घरी आले होते. अप्पा व्यवस्थित जेवत होते, बोलत होते. पण मी दुकानात गेले तर मागची बाजू रिकामी होती. इतक्या वर्षांत तिथे जळक्या मोटारी नाहीत असं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी एकेका गिऱ्हाइकाला बोलावून ज्याची त्याची मोटार परत केली होती. दुरुस्त झालेलीही आणि न झालेलीही. नवं काम घेत नव्हते. घरी रोज दुपारी कपाटातून रिव्हॉल्व्हर काढून पुसत बसायचे आणि शेजारी काडतुसांची डबी उघडी. पूर्वी ती डबी कधी उघडलेली मी पाहिली नव्हती. मी विचारलं, “काय करताय?” म्हणाले, “पुसतोय.”

मी कॉलेजात शोकांतिका शिकवते. अशा वेळी माणसाला काय विचारावं, यावर मी पानंच्या पानं वाचली आहेत. मी काहीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ते बँकेत गेलेले असताना दुकानातली छोटी तिकोनी कानस आणली आणि सुई घासली. एवढ्या रहस्यकथा वाचल्याचा आयुष्यात तेवढा एक उपयोग झाला. कपाटाची किल्ली देवाच्या तसबिरीमागे असते, हे घरातच काय, गावातही सगळ्यांना माहीत होतं. रिव्हॉल्व्हर लपवता आलं असतं. पण लपवलं असतं तर ते शोधताना त्यांनी मला विचारलं असतं, आणि मग आम्हाला बोलावं लागलं असतं.

चार दिवसांनी, मंगळवारी, मी ओट्यापाशी भाजी चिरत होते. मधल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून आवाज आला. खट्. बेताचा, पेटीची कडी लागावी तसा. मी सुरी धरून उभी राहिले. मग पुन्हा एकदा आला. खट्. त्यानंतर बराच वेळ काही नाही. मग कपाट बंद झाल्याचा आवाज, आणि अप्पा बाहेर आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, चिरलेल्या भाजीकडे बघितलं.

“चहा टाक,” ते म्हणाले. “पिऊन शेतावर जाऊन येतो.”

संध्याकाळी गावात डुकराची गोष्ट झाली होती. ती मीच पहिल्यांदा ऐकली, त्यांच्याच तोंडून, आणि मी हसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पुन्हा मोटारी दुरुस्तीला घ्यायला सुरुवात केली. पुढच्या रविवारी त्यांनी मला पहिलं पत्र सांगितलं.

सात वर्षं. ते घोड्यावर बोट फिरवून हळदकुंकू लावत होते. कानस त्यांचीच, ओरखडे त्यांच्या मुलीच्या अडाणी हाताचे. कारागिराला खोलू दिलं नाही, आर्मोररला उघडू दिलं नाही, आणि अकराजणांच्या व्हरांड्यात बसून स्वतःला हसू दिलं. हे मला त्या टेबलापाशी कळलं, तांबोळींच्या तोंडून, फॉर्म भरताना.

तांबोळी आता पेन खाली ठेवून मागे टेकले होते. आवाज खाली आणून म्हणाले, “ताई, हत्यारात फेरफार म्हणजे कायद्यानं भानगड आहे. कुणी केली हे विचारावं लागंल. तुम्ही सरकारी अनुदानावरच्या कॉलेजात. मी असं करतो, ‘नादुरुस्त, मूळचा दोष’ असं लिहितो. कंपनी काही इथं विचारायला येत नाही. मालक गेले, विषय संपला.”

“लिही लिही,” संपतकाका म्हणाले. त्यांनी खिशातून पेन काढून टोपण उघडलं होतं, पंच म्हणून सही करायला. डोळे भरले होते. “सगळ्या जन्मात त्यानं कुणाला वाईट माल दिला नाही. मी त्याला हसलो, शैला. फार हसलो. पण बिचारा फसला होता गं. हे एवढं एक घेताना फसला.”

तांबोळींनी रकान्यावर पेन टेकवलं. ‘ना’ लिहून झालं.

“थांबा,” मी म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे बघितलं. माझा आवाज वर्गातल्यासारखा मोठा निघाला होता, आणि तो खाली आणणं मला जमलं नाही.

“अप्पा फसले नव्हते, काका. हत्यार चांगलं होतं. आई गेल्यावर अप्पांना जगायचं नव्हतं. मला ते दिसत होतं आणि विचारायचं धाडस नव्हतं, म्हणून सुई मी घासली.”